१०-फिनाइलफिनोथायाझिन वापरणाऱ्या ग्राहकांसाठी: दिवा लावण्याआधी ऑक्सिजन काढावा

आमच्याकडून १०-फिनाइलफिनोथायाझिन हा प्रकाशाने पॉलिमर बनवण्यासाठीचा उत्प्रेरक नेणाऱ्या प्रयोगशाळांची तक्रार बहुधा एकच असते: दिवा तासन्‌तास लावूनही द्रावण पातळच राहते, किंवा पॉलिमर तयार होतो पण जीपीसीचा (साखळ्यांचे रेणुभार मोजणाऱ्या चाचणीचा) आलेख रुंद येतो, म्हणजे साखळ्या लहानमोठ्या निघतात, तेव्हा उत्प्रेरकाची बाटली बदलून द्यावी. अशा बाटल्या परत मागवून आम्ही तपासतो आणि बहुतेक वेळा उत्प्रेरक निर्दोष निघतो. दोष फ्लास्कमध्ये राहून गेलेल्या ऑक्सिजनचा असतो.

२०१४ मध्ये सांता बार्बरा येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात क्रेग हॉकर आणि हाविएर रीड दे अलानिझ यांच्या गटांनी या उत्प्रेरकाच्या साहाय्याने तांब्याशिवाय एटीआरपी (साखळ्यांची वाढ नियंत्रणात ठेवून पॉलिमर बनवण्याची पद्धत) करून दाखवली, हे आपण जाणताच. ३८० नॅनोमीटरच्या प्रकाशाने उत्तेजित झालेला रेणू कार्बन-ब्रोमीन बंधाला इलेक्ट्रॉन देतो, मोकळ्या झालेल्या रॅडिकलला काही मोनोमर जोडले जातात, आणि मग इलेक्ट्रॉन गमावलेला उत्प्रेरक ब्रोमीन परत बसवून साखळीला पुन्हा निद्रिस्त करतो. सारे नियंत्रण या देवाणघेवाणीवर उभे आहे, आणि ऑक्सिजन नेमका तिच्यातच दोन ठिकाणी आड येतो. उत्तेजित रेणूची ऊर्जा तो वाटेतच काढून घेतो आणि रॅडिकलशी संयोग पावून पेरॉक्सी रॅडिकल बनवतो. हवेत ठेवलेल्या सेंद्रिय द्रावकात एक-दोन मिलिमोलर ऑक्सिजन सहज विरघळलेला असतो. पाच मोलर मोनोमरसाठी ०.१ मोल टक्का उत्प्रेरक म्हणजे पाच मिलिमोलर, आणि कोणत्याही क्षणी जिवंत असलेली रॅडिकल्स तर त्याहून लक्षावधी पटींनी कमी. यावरून त्या ऑक्सिजनचे वजन लक्षात यावे.

पीईटी-राफ्ट या प्रकाशावर चालणाऱ्या दुसऱ्या पद्धतीत इओसिन वाय या रंजकासोबत तृतीयक अमाइन वापरून ऑक्सिजन असतानाही पॉलिमर बनवल्याचे निबंध वाचून अनेकजण आमच्या उत्प्रेरकाकडूनही तीच अपेक्षा ठेवतात. तेथे विरघळलेला ऑक्सिजन आधी खर्ची पडण्याची सोय त्या रसायनातच असते. येथे ती नाही, म्हणून ते काम आपल्यालाच करावे लागते.

फुग्यातला नायट्रोजन पाच मिनिटे द्रावणातून सोडणे पुरेसे नाही, कारण फुग्याच्या रबरातून हवा आत झिरपत राहते. एकदा टोचलेला सेप्टम (फ्लास्कच्या तोंडावरील रबरी बूच) पुन्हा वापरला तर तीही वाट उघडीच राहते. श्लेंक फ्लास्क (व्हॅक्यूमला जोडता येणारा झडपेचा फ्लास्क) निम्म्याहून कमी भरावा, द्रावण द्रव नायट्रोजनमध्ये पूर्ण गोठवावे, व्हॅक्यूम लावावा, मग झडप बंद करून कोमट पाण्यात सावकाश वितळवावे, आणि हे चक्र किमान तीन वेळा करावे. तिसऱ्यांदा वितळताना बुडबुडे निघाले तर चौथे चक्र आवश्यक आहे. द्रव नायट्रोजनमध्ये असलेला फ्लास्क कधीही हवेला उघडू नये, कारण त्यात द्रवरूप ऑक्सिजन साठून गंभीर अपघात होऊ शकतो. मोनोमर साठवणीत आपोआप जुळू नये म्हणून त्यात घातलेला इनहिबिटर मात्र यातून निघत नाही. त्यासाठी ॲल्युमिनाचा स्तंभ त्याच दिवशी वापरावा.

निकालावरूनही दोष ओळखता येतो. मिथाइल मेथाक्रिलेट हा मोनोमर आणि साखळी सुरू करणारे इथाइल अल्फा-ब्रोमोफिनाइलॲसिटेट १०० : १ प्रमाणात घेऊन निम्मे रूपांतरण झाले असेल, तर रेणुभार सुमारे ५,२५० यायला हवा. तो बराच जास्त दिसला, तर सुरुवातीच्या काही साखळ्या जन्मताच मेल्या आणि उरलेल्यांनीच सगळा मोनोमर घेतला, असा संशय घ्यावा. आधी बराच काळ काहीच न घडता मग क्रिया अचानक सुरू होणे, हीदेखील ऑक्सिजन किंवा इनहिबिटरचीच खूण आहे.

दिव्याबद्दल थोडेच सांगायचे आहे: पंखा चालू ठेवावा, डोळ्यांवर अतिनील किरणे रोखणारा चष्मा असावा, आणि प्रकाश बंद-चालू करून नियंत्रण तपासताना फ्लास्क फॉइलमध्ये गुंडाळावा, कारण खिडकीतले ऊनही क्रिया पुढे नेते.

बाटली बदलून देण्यापूर्वी आम्ही डीगॅसिंगची (ऑक्सिजन काढण्याची) पद्धत, चक्रांची संख्या आणि जीपीसीचा आलेख मागतो, याचा काही ग्राहकांना त्रास वाटतो. मात्र प्रत्येक घाण्यातील नमुन्यावर आम्ही मिथाइल मेथाक्रिलेटची चाचणी घेतो आणि तिचा आलेख बाटलीसोबत देतो. दोन्ही आलेख शेजारी ठेवले की चूक कोठे झाली ते लगेच कळते आणि आपला आठवडाही वाया जात नाही. ज्यांच्याकडे व्हॅक्यूम लाइन नाही, त्यांना टेफ्लॉन झडपेच्या श्लेंक नळ्या आणि इनहिबिटर काढलेला, आर्गॉनखाली सीलबंद केलेला मोनोमर आम्ही पुरवतो. मागणी नोंदवताना आपला मोनोमर आणि द्रावक कळवल्यास त्या जोडीसाठीची सुरुवातीची कृतीही आम्ही सोबत पाठवू.