नुसती कॉइल नको, व्हॉल्व्हसकट आणा

"नवीन कॉइल बसवली आणि आठवड्यात जळाली, बदलून द्या." भोसरी-चाकणकडच्या कारखान्यांतून ही तक्रार इतकी येते, की काउंटरवर रोज तेच सांगण्यापेक्षा एकदाच छापून ठेवलं.

ही कॉइल म्हणजे सोलेनॉइड व्हॉल्व्हवरची, म्हणजे विजेवर उघडझाप करणाऱ्या व्हॉल्व्हवरची, तारेची गुंडाळी. तिच्यातून करंट गेला की आतल्या पोकळीत चुंबकक्षेत्र तयार होतं आणि लोखंडी प्लंजर, म्हणजे व्हॉल्व्हमधला सरकता दांडा, आत खेचला जातो. करंट थांबला की स्प्रिंग त्याला परत ढकलते. वायरी उलट जोडल्या म्हणून प्लंजर उलटा जात नाही. लोखंड कसंही आतच ओढलं जातं.

खरी गोम एसी कॉइलची. तिचा करंट नुसत्या तारेच्या ओहमवर, म्हणजे रोधावर, ठरत नाही. प्लंजर पूर्ण आत बसला की लोखंडामुळे इंडक्टन्स (बदलत्या करंटला कॉइलचा होणारा विरोध) वाढतो आणि करंट आवाक्यात राहतो. प्लंजर बाहेरच राहिला तर करंट कितीतरी वाढतो आणि तसाच वाहत राहतो. मग वार्निशचा जळका वास, पाठोपाठ वाइंडिंग शॉर्ट. २४ व्होल्ट डीसी कॉइलला ही भानगड नसते.

आणि नेमकं हेच आपले फिटर करतात. सप्लाय चालू असताना कॉइल व्हॉल्व्हवरून उपसतात, नाहीतर "चालते का बघू" म्हणून मोकळ्या कॉइलला टेबलावरच २३० व्होल्ट देतात. कृपा करून हे थांबवा. बघायचंच असेल तर सप्लाय काढून मल्टीमीटर लावा.

बोअरच्या पाण्याचे क्षार साचून प्लंजर अर्ध्यात अडकला, तरी परिणाम तोच. अशा व्हॉल्व्हवर कितीही भारी कॉइल चढवा, जळणारच.

व्हॉल्व्ह घूं घूं करत असेल तर तेही सांगा. आपल्या ५० हर्ट्झच्या सप्लायवर खेच सेकंदाला १०० वेळा शून्यावर येते. तेवढ्या क्षणात प्लंजर धरून ठेवायला आतल्या स्थिर लोखंडाच्या तोंडावर तांब्याची बारीक रिंग असते. तिला केसाएवढी चीर गेली तरी प्लंजर थरथरतो. चीर नुसत्या डोळ्यांना सहसा दिसत नाही, आम्ही भिंगाखाली बघतो.

म्हणून नुसती कॉइल आणणाऱ्याला आम्ही गॅरंटी देत नाही. काहींना हा आडमुठेपणा वाटतो. पण व्हॉल्व्ह आणलात तर प्लंजर साफ करून, लागलीच तर स्प्रिंग बदलून, तुमच्यासमोर चालवून देतो, आणि त्या कॉइलची गॅरंटी आमची. जुन्या कॉइलवरचा व्होल्टेजचा शिक्का पुसू नका. गुरुवारी एमआयडीसीची सुट्टी, त्यामुळे बुधवारी संध्याकाळी इथे झुंबड असते. जमल्यास आधीच या.