झूम ४० वरच का थांबतो?
भिगवणला कॅमेरा भाड्याने नेणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी

हिवाळ्यात शनिवारी सकाळी सात-साडेसातला दुकानाचा फोन वाजला की पलीकडे कोण असणार, हे आता आम्हाला पाठ झालंय. उजनी धरणाच्या पाण्यात पक्ष्यांचे फोटो काढायला होडीत बसलेले आपले ग्राहक. "अहो, तुमच्या कॅमेऱ्याचा झूम ४० वर अडकतोय. शेजारच्या होडीतल्यांचा १६० पर्यंत जातोय!"

अडकत नाही. आम्हीच तो तिथे थांबवून देतो.

४० पटीपर्यंत भिंग खरोखर पुढे सरकतं. त्यापुढे ते जागचं हलत नाही. कॅमेरा चित्राचा फक्त मधला तुकडा घेतो आणि तोच ताणून दाखवतो. हाच डिजिटल झूम. आमचे कॅमेरे २० मेगापिक्सेलचे आहेत. १६० वर गेलात की लांबीचा पाव आणि रुंदीचा पाव, म्हणजे चित्राचा सोळावा हिस्सा हातात राहतो: सव्वा मेगापिक्सेल. साधी ४ बाय ६ ची प्रिंट स्वच्छ यायलाही दोनच्या वर लागतात. मागच्या छोट्या स्क्रीनवर रोहित पक्षी (फ्लेमिंगो) छान गुलाबी दिसतो. आमच्या मॉनिटरवर उघडला की पिसांच्या जागी विस्कटलेली रांगोळी.

तरी काही जण मेनूत शिरून डिजिटल झूम सुरू करतातच. मग सोमवारी कॅमेरा परत येतो, "लेन्स खराब आहे, भाडं परत द्या" म्हणून. फोटो बिघडण्याचं कारण आम्हाला मेनू उघडताच कळतं, पण लेन्स तपासावीच लागते. कॅमेरा तिपाईवर चढवायचा, समोरच्या किराणा दुकानाच्या पाटीचे फोटो काढायचे, आधीच्या फोटोंशी ताडून बघायचे. अर्धा तास जातो, आणि तोच कॅमेरा न्यायला आलेला पुढचा माणूस काउंटरपाशी ताटकळतो. म्हणून आमचा नियम असा: डिजिटल झूम सुरू केलेला सापडला आणि लेन्स ठीक निघाली, तर भाडं परत नाही. कडक वाटेल. पण नेताना तुमच्यादेखत त्या पाटीचा फोटो आम्ही काढतो तो याचसाठी. घाई असली तरी तेवढा बघून जा.

पक्षी लहान दिसतोय? फोटो ४० वर काढा आणि घरी निवांत कापा, म्हणजे क्रॉप करा. कॅमेऱ्याने कापून टाकलेलं परत जोडता येत नाही, आणि डुलत्या होडीत १६० वर पक्षी चौकटीत धरणं हेच मुळात कठीण. चित्रबलाकाच्या नुसत्या पायांचे फोटो आम्ही बरेच पाहिलेत.

४० वर ठेवूनही फोटो हलला, तर दोष शटरच्या वेगाचा. पूर्ण झूमवर या भिंगातून, झूम न करता येतो त्याच्या पावपटही प्रकाश आत येत नाही. मग कॅमेरा आपणहून शटर संथ करतो. डायल 'टीव्ही'वर (Tv, म्हणजे शटरचा वेग आपण ठरवायचा) घ्या, १/१००० सेकंद ठेवा. हाताची थरथर कॅमेरा सावरून घेतो, पंखांची फडफड नाही. नावाडीदादांना इंजिन बंद करायला सांगा, कोपर अंगाशी घट्ट धरा. होडीच्या काठावर टेकवू नका, कारण काठ सगळ्यात जास्त हादरतो.

ऊन तापलं की पाण्यावरची हवा थरथरायला लागते आणि लांबचा पक्षी लहरीतून पाहिल्यासारखा दिसतो. त्यावर कुठल्याच कॅमेऱ्यात इलाज नाही. लवकर पोचणं एवढंच आपल्या हातात. पुण्यातून साधारण १०० किलोमीटर, म्हणजे पाचला निघायला हवं. म्हणून आम्ही कॅमेरा शुक्रवारी संध्याकाळीच देतो, भाडं मात्र शनिवारपासून धरतो. जास्तीची बॅटरी मागून घ्या, तिचे वेगळे पैसे नाहीत.

प्रिंट आमच्याकडेच होतात. ४० वर नीट आलेला फोटो ८ बाय १२ ला आरामात पुरतो, आणि भाड्याच्या पावतीवर तशी पहिली प्रिंट निम्म्या दरात मिळते.

कॅमेरा परत देताना आपलं कार्ड तेवढं काढून घ्या. आमच्या ड्रॉवरमध्ये सध्या चार पडून आहेत. मालक शोधायला एक उघडलं, तर त्यात रोहित दोन आणि कुणाच्या तरी बारशाचे फोटो दीडशे.