माकडतापानंतरची प्रतिपिंडे: रक्तात असणे वेगळे, विषाणू रोखणे वेगळे

गोव्याच्या सत्तरी तालुक्यात काजूचा हंगाम आणि माकडताप, म्हणजे गोचिडीतून पसरणारा विषाणूजन्य ताप, एकाच सुमाराला येतात. गोव्यात हा आजार २०१५ साली पाली गावात पुढे आला आणि काजूच्या बागांत बोंडे गोळा करणारेच त्यात सापडले. बरे झालेल्या माणसाचा पहिला प्रश्न साधा असतो: आता परत होणार नाही ना? एलायझा या रक्तचाचणीचा 'आयजीजी पॉझिटिव्ह' अहवाल, म्हणजे संसर्गानंतर टिकणारी प्रतिपिंडे सापडल्याचा अहवाल, याचे अर्धेच उत्तर देतो. प्रतिपिंडे विषाणूला चिकटतात, एवढेच त्यातून कळते. ती त्याला पेशीत शिरू देत नाहीत का, हे वेगळ्या चाचणीने पाहावे लागते, आणि ती चाचणी एलायझाहून कितीतरी जुनी आहे.

सुरुवात उंदरांपासून झाली. १९३० च्या दशकात पीतज्वरासाठी रुग्णाचे सिरम (गोठलेल्या रक्तावरचे पाणी) आणि विषाणू एकत्र करून उंदरांना टोचत. उंदीर जगले तर सिरम संरक्षक. पुण्यात १९५२ साली स्थापन झालेल्या विषाणू संशोधन केंद्राने, म्हणजे आजच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने, भारतीयांच्या सिरमची सुरुवातीची पाहणी याच पद्धतीने केली. १९५७ मध्ये शिमोग्याच्या क्यासनूर जंगलात माकडे मरू लागली तेव्हा पीतज्वर आला की काय, अशी धास्ती होती. विषाणू वेगळा काढून तपासल्यावर तो रशियातल्या गोचीडजन्य मेंदूज्वराच्या गटातला निघाला. हाच माकडतापाचा विषाणू.

उंदरांपासून सुटका केली रेनाटो डल्बेको यांनी. १९५२ साली त्यांनी पेशींच्या एकसलग थरावर प्राण्यांच्या विषाणूंचे डाग, म्हणजे पेशी मेलेल्या जागा (प्लाक), मोजून दाखवले. सिरम मिसळल्यावर हे डाग किती घटतात, यावरून ते विषाणूला किती रोखते हे कळू लागले. १९६२ मध्ये जपानात आफ्रिकी हिरव्या माकडाच्या मूत्रपिंडापासून व्हेरो पेशी तयार झाल्या आणि पुढे या चाचणीत त्याच सर्रास वापरात आल्या.

आजची कृती अशी. सिरम ५६ अंशांवर ३० मिनिटे तापवतात. हे टाळले तर रक्तातला कॉम्प्लिमेंट (संरक्षक प्रथिनांचा गट) विषाणूवर परिणाम करू शकतो आणि निकाल फुगतो. मग १:१०, १:२०, १:४० असे विरळ करत प्रत्येकात तितकाच विषाणू मिसळून ३७ अंशांवर तासभर ठेवतात. मिश्रण पेशींवर ओतून वर कार्बोक्सिमिथाइल सेल्युलोजचा घट्टसर थर देतात, म्हणजे विषाणू शेजारच्या पेशींपलीकडे पसरत नाही. काही दिवसांनी क्रिस्टल व्हायोलेटने रंगवले की मेलेल्या जागा पांढऱ्या दिसतात. नुसत्या विषाणूच्या खणात ६० डाग, १:८० ला २२ आणि १:१६० ला ४१ असतील, तर निम्म्याहून कमी डाग १:८० पर्यंतच राहतात. त्या विरळतेचा आकडा म्हणजे टायटर, इथे ८०.

चुका बहुधा विषाणूच्या मात्रेत होतात. विषाणू जास्त पडला तर चांगले सिरमही दुबळे दिसते, म्हणून वापरलेला विषाणू दर वेळी पुन्हा मोजावाच लागतो. पेशींचा थर विरळ असेल तर उघड्या जागा डागांत मोजल्या जातात. रक्त गोळा करतानाच त्यातल्या तांबड्या पेशी फुटल्या असतील तर १:१० च्या खणात पेशी सिरमनेच मरतात, म्हणून साध्या नळीतले रक्त नीट गोठू देऊन सिरम वेगळे काढावे आणि थंड साखळीतून पाठवावे.

गोव्यात आणखी एक गुंता आहे. डेंग्यू आणि माकडताप दोन्ही फ्लेव्हिव्हायरस कुळातले, त्यामुळे एका आजाराची प्रतिपिंडे दुसऱ्याच्या एलायझात दिसू शकतात. जपानी मेंदूज्वराची लस घेतली असेल तर आणखी घोळ. अशा वेळी एकच सिरम तिन्ही विषाणूंपुढे ठेवतात. ज्याचा टायटर चौपट वर, तो खरा मानतात. पूर्वी डेंग्यू झालेला असेल तर तोही फरक पुसट होतो. आजारातला आणि त्यानंतर दोन-तीन आठवड्यांनी घेतलेला, असे दोन नमुने म्हणूनच हवेत: टायटर २० वरून ८० झाला तर संसर्ग ताजा.

एलायझा १९७१ साली आली आणि तासांत, शेकडो नमुन्यांवर, जिवंत विषाणूशिवाय होऊ लागली, म्हणून जुनी चाचणी मागे पडली. माकडतापाचा जिवंत विषाणू उच्च जैवसुरक्षेच्या प्रयोगशाळेतच हाताळतात, हेही त्याला कारण. २०२० मध्ये कोविडसाठी जिवंत विषाणूविना रोखणाऱ्या प्रतिपिंडांची चाचणी निघाली, कारण तो विषाणू पेशीच्या कोणत्या दाराला (एसीई-२) लागतो हे ठाऊक होते. फ्लेव्हिव्हायरसांना असे एकच दार नाही. रेबीजसाठी ०.५ आंतरराष्ट्रीय एकक प्रति मिली हा मान्य आकडा आहे. माकडतापासाठी तसा आकडा ठरलेला नाही. त्यामुळे टायटर ८० आला तरी बरा झालेला काजूवाला पुढच्या हंगामात बागेत जाताना अंगाला गोचीडरोधक तेल लावूनच जाईल, हे डॉक्टरने त्याला सांगायला हवे.