युद्धकाळ आणि राष्ट्राध्यक्षांची फेरनिवड (अमेरिका)

मोठे युद्ध चालू असताना अमेरिकेचा विद्यमान राष्ट्राध्यक्ष निवडणूक हरत नाही, असे नेहमी म्हटले जाते. मॅडिसन (१८१२), लिंकन (१८६४), रूझवेल्ट (१९४४), निक्सन (१९७२) आणि धाकटे बुश (२००४) जिंकले, हे खरेच. २०२०मध्ये ट्रम्प हरले तेव्हा अफगाणिस्तानातले युद्ध संपलेले नव्हते. पण तिथे थोडेच सैनिक उरले होते आणि मतदारांपुढचा मोठा विषय करोनाचा होता. या यादीत न दिसणारी दोन नावे मात्र जास्त बोलकी आहेत: ट्रुमन आणि जॉन्सन. युद्धामुळे लोकमत इतके फिरले होते की दोघांनी मतदानाच्या कितीतरी आधीच माघार घेतली.

संकट येताच लोक सरकारमागे एकवटतात, पण ही लाट ओसरते. पुढे मृतांची संख्या, सक्तीची सैन्यभरती आणि शेवट दृष्टीस पडतो की नाही, यावर सारे ठरते.

यादवी युद्धात गुंतलेल्या लिंकन यांचे उदाहरण मुळातून पाहण्यासारखे आहे. २३ ऑगस्ट १८६४ रोजी त्यांनी एका कागदावर लिहिले की हे सरकार पुन्हा निवडून येण्याची शक्यता फारच कमी दिसते; तसे झाल्यास नव्या अध्यक्षाने सूत्रे हाती घेण्याआधीच संघराज्य वाचवण्यासाठी त्याला सहकार्य करायचे. कागद दुमडून त्यांनी मंत्र्यांपुढे ठेवला आणि मजकूर न वाचताच सर्वांनी मागच्या बाजूला सह्या केल्या. त्यानंतर काही दिवसांतच, सप्टेंबरच्या सुरुवातीला, लिंकन यांचे सेनानी शेरमन यांच्या फौजेने बंडखोर दक्षिणेतले अटलांटा शहर घेतले आणि वारे फिरले. लिंकन यांना २१२ निर्वाचक मते (निकाल ठरवणारी राज्यवार प्रतिनिधींची मते) मिळाली, प्रतिस्पर्धी मॅक्लेलन यांना २१. मॅक्लेलन हे लिंकन यांनीच दूर केलेले सेनापती. तरीही सैनिकांची बहुसंख्य मते लिंकन यांच्याच पारड्यात पडली.

कोरियातले युद्ध रेंगाळले तसे ट्रुमन यांचे समर्थन आटले. फेब्रुवारी १९५२च्या गॅलप संस्थेच्या जनमत पाहणीत ते अवघे २२ टक्के होते, आणि मार्चमध्ये त्यांनी निवडणूक न लढवण्याचे जाहीर केले. १९६८मध्ये तेच जॉन्सन यांच्या वाट्याला आले. व्हिएतनाममध्ये कम्युनिस्ट फौजांनी टेट सणाच्या वेळी केलेल्या मोठ्या हल्ल्याने (टेट आक्रमण) विजय जवळ आल्याच्या सरकारी दाव्यांवरचा विश्वास उडवला. न्यू हॅम्पशायर राज्याच्या प्रायमरीत (पक्षाचा उमेदवार निवडण्यासाठीच्या मतदानात) जॉन्सन यांच्याच पक्षातले युद्धविरोधी मॅकार्थी यांनी ४२ टक्के मते घेतली. ३१ मार्चच्या रात्री जॉन्सन दूरचित्रवाणीवर व्हिएतनामबद्दल बोलत होते आणि त्याच भाषणाच्या शेवटी त्यांनी आपण पुन्हा उमेदवारी स्वीकारणार नसल्याचे सांगून टाकले. त्या एका वर्षात सुमारे १७ हजार अमेरिकी सैनिक मारले गेले.

युद्ध तेच, पण निक्सन १९७२मध्ये ४९ राज्ये जिंकले, कारण सैनिक घरी परतत होते.

जिंकून संपलेल्या युद्धाचे श्रेयही टिकत नाही. आखाती युद्धानंतर १९९१मध्ये थोरल्या बुश यांना ८९ टक्के लोकांची पसंती होती. पुढच्या वर्षी मंदीच्या झळा बसलेल्या मतदारांनी त्यांना ३७ टक्के मते दिली. धाकट्या बुश यांनी २००४ची निवडणूक २८६ विरुद्ध २५१ निर्वाचक मतांनी काढली, पण इराकची किंमत त्यांच्या पक्षाला २००६मध्ये संसदेची दोन्ही सभागृहे गमावून मोजावी लागली.