बारा जानेवारी नेमकी कुठली?

सोलापुरात १२ जानेवारीला चार हुतात्मा पुतळ्यांना हार घातले जातात. १९३१ साली याच दिवशी येरवड्याच्या तुरुंगात मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना फाशी दिली गेली. त्याच सुमारास सिद्धेश्वराच्या गड्ड्याची, म्हणजे संक्रांतीच्या यात्रेची, लगबग चालू असते. शाळांच्या फळ्यांवर मात्र जिजाऊ आणि विवेकानंद यांची जयंती लिहिलेली असते. एका तारखेच्या वाट्याला इतकं सगळं आलं कसं?

आधी हिशेब पाहू. १००० घटना वर्षाच्या ३६५ दिवसांवर डोळे मिटून उधळल्या, तर सरासरी दिवसाला पावणेतीन पडतात. प्रत्यक्षात वीस-पंचवीस दिवस कोरडे राहतात, आणि दोन-तीन दिवसांवर आठ किंवा त्याहून जास्त घटनांची गर्दी होते. वर्गात २३ मुलं असली, की कुठल्या तरी दोघांचा वाढदिवस एक असण्याची शक्यता निम्म्यापेक्षा थोडी जास्त असते, कारण २३ जणांच्या जोड्या होतात २५३. पण तुमच्याच तारखेचा जोडीदार हवा असेल, तर तेवढ्याच शक्यतेसाठी इतर २५३ माणसं लागतात. ‘कुठलीही तारीख’ आणि ‘हीच तारीख’ यांत गल्लत केली, की साधा योगायोग चमत्कार वाटू लागतो.

खरी गंमत पुढे आहे. या सगळ्या १२ जानेवारी एका जातीच्या नाहीत.

जिजाऊंचा जन्म पौष पौर्णिमा, शके १५१९, म्हणजे १२ जानेवारी १५९८ असा दिला जातो. आजची ग्रेगरी दिनदर्शिका मागे नेऊन १२ जानेवारी १५९८ काढली, तर त्या दिवशी चंद्र शुद्ध पंचमीच्या आसपास सापडतो; पौर्णिमेला अजून दहा दिवस असतात. म्हणजे ही तारीख जुन्या ज्युलियन दिनदर्शिकेतली आहे. नव्या गणनेत तोच दिवस २२ जानेवारी १५९८ होतो. तारीख पारखायची सर्वांत स्वस्त कसोटी म्हणजे हा चंद्र: तिथी दिलेली असेल, तर अमावास्येपासून दिवस मोजायचे.

ज्युलियन वर्ष सरासरी ३६५.२५ दिवसांचं होतं, तर ऋतूंचं वर्ष ३६५.२४२२ दिवसांचं. वर्षाला सुमारे अकरा मिनिटांची ही चूक साचत गेली. म्हणून १५८२ मध्ये रोममध्ये ४ ऑक्टोबर, गुरुवारनंतर थेट १५ ऑक्टोबर, शुक्रवार उजाडला. वार मात्र तुटला नाही, त्यामुळे वार ही दुसरी कसोटी. जुनी तारीख नवी करताना १७०० च्या फेब्रुवारीअखेरपर्यंत १० दिवस मिळवायचे, पुढे १८०० च्या फेब्रुवारीअखेरपर्यंत ११, १९०० पर्यंत १२ आणि सध्या १३. नेहमीची चूक इथेच होते. इंग्रजांनी नवी दिनदर्शिका १७५२ मध्ये घेतली, तेव्हा त्यानंतरच्या ईस्ट इंडिया कंपनीच्या कागदांतल्या तारखा आधीच नव्या आहेत. त्यात पुन्हा ११ मिळवले की सगळा घोळ. त्याआधीच्या इंग्रजी कागदांत आणखी एक खोच आहे: त्यांचं वर्ष २५ मार्चला बदलत असे, म्हणून जानेवारीतल्या पत्रावर मागच्याच वर्षाचा आकडा दिसतो.

रशियाने हा बदल १९१८ मध्ये केला. स्पुटनिक या पहिल्या कृत्रिम उपग्रहामागचा अभियंता सर्गेई कोरोल्योव याचा जन्म तिथल्या कागदावर ३० डिसेंबर १९०६ चा, आणि आपल्या लेखी १२ जानेवारी १९०७ चा. तारखेबरोबर सालही बदललं!

घड्याळाचाही घोटाळा असतो. हैतीचा भूकंप १२ जानेवारी २०१० चा म्हणून नोंदला आहे, पण तिथे दुपारचे ४ वाजून ५३ मिनिटं झाली होती तेव्हा सोलापुरात १३ तारखेच्या पहाटेचे ३ वाजून २३ मिनिटं झालेली. धूमकेतूवर आदळलेलं डीप इम्पॅक्ट यान १२ जानेवारी २००५ ला फ्लोरिडातून उडालं. आपल्याकडे मध्यरात्र उलटून सतरा मिनिटं झाली होती. उलट १२ जानेवारी २०१८ ला ३१ उपग्रह घेऊन सकाळी निघालेलं इस्रोचं पीएसएलव्ही-सी४० हे रॉकेट निर्विवाद त्याच तारखेचं.

आता विवेकानंद. त्यांचा जन्म १२ जानेवारी १८६३ चा, आणि त्या दिवशी मकरसंक्रांत होती. हो, बाराला! आपली संक्रांत ताऱ्यांच्या संदर्भाने मोजतात. सूर्य त्याच ताऱ्यांपाशी परत यायला ३६५.२५६४ दिवस लागतात, तर ग्रेगरी वर्ष आहे सरासरी ३६५.२४२५ दिवसांचं. फरक वीस मिनिटांचा. पृथ्वीचा आस भोवऱ्यासारखा डुलत सुमारे २६,००० वर्षांत एक फेरी घेतो, त्यातून हा फरक येतो. वीस-वीस मिनिटं साठून साधारण ७२ वर्षांत एक दिवस होतो, आणि संक्रांत तेवढी पुढे सरकते.

दर वर्षी संक्रमणाची, म्हणजे सूर्य मकर राशीत शिरण्याची, वेळ सहा तासांहून थोडी पुढे जाते आणि लीप वर्षात एक दिवस मागे येते, म्हणून १४ आणि १५ यांची अदलाबदल चालते. २०२३ मध्ये संक्रमण १४ तारखेच्या रात्री नऊच्या सुमारास झालं; सूर्यास्तानंतरचं म्हणून सण १५ ला धरला गेला. २०२५ मध्ये ते १४ ला सकाळी नऊच्या सुमारास झालं, तेव्हा सणही १४ लाच.

गड्ड्याचे दिवस संक्रांतीला बांधलेले आहेत, हुतात्मा दिन इंग्रजी तारखेला. १९३१ साली फाशीनंतर दोन दिवसांनी, १४ जानेवारीला संक्रांत आली होती. २१०० हे लीप वर्ष नाही, म्हणून त्या वर्षी संक्रमण एक दिवस मागे येणार नाही. २१०३ मध्ये संक्रमण १६ जानेवारीच्या सकाळी होईल. पुतळ्यांना हार त्या वर्षीही बाराला पडतील, आणि संक्रांतीला चार दिवस बाकी असतील.