पार्श्वभूमी : आगळ गावचं मिळतं, क्रीम का मिळत नाही?

सिंधुदुर्गातल्या बचत गटाचं कोकम आगळ आज दादरला सहज मिळतं. तसंच गावात बनलेलं क्रीम किंवा साबण शोधायला निघालं, की बहुतेकदा लेबल नसलेली पुडी हाती येते, नाहीतर पुण्याचं नाव लावून भलतीकडे बनलेली बाटली. या फरकाचं मूळ कायद्यात आहे.

खाद्यपदार्थांपुरतं खरं वळण 1959 चं. गिरगावात सात बायकांनी 80 रुपये उसने घेऊन पापड लाटायला घेतले आणि घरच्या मालाला मोठी बाजारपेठ मिळू शकते हे दिसलं. पुढे लोणची-चटण्या लघुउद्योगांसाठी राखीव झाल्या, त्या एप्रिल 2015 पर्यंत. ऑगस्ट 2011 मध्ये अन्नसुरक्षा व मानके कायदा (रेशनचा नव्हे, खाण्याच्या दर्जाचा) अमलात आला, तेव्हाही वर्षाला 12 लाखांपर्यंत उलाढाल असणाऱ्यांना फक्त नोंदणी पुरेशी ठेवली, शुल्क वर्षाला 100 रुपये. स्वयंपाकघरात लोणचं घालणारी बाई त्यात बसली. तिच्या बरणीवर नोंदणीचा 14 आकडी क्रमांक आला आणि दुकानदार ती बरणी बिनधास्त मांडू लागला.

प्रसाधनांचं तसं झालं नाही. 1940 च्या औषध कायद्यात ती 1962 साली आली. साबण तेव्हा वगळला होता, तोही 1982 च्या दुरुस्तीने आत आला. उत्पादनाला परवाना हवा, शिकलेला तांत्रिक माणूस हवा आणि जागा राहत्या घराला जोडलेली नको. छोट्यांसाठी नुसत्या नोंदणीची पायरी इथे नाहीच. 2020 मध्ये नवे नियम आले, तेव्हा ती ठेवता आली असती. ठेवली नाही, हे माझ्या मते चुकलं. त्वचेवर लावायच्या वस्तूला शिस्त हवीच, पण पोटात जाणाऱ्या लोणच्याला जी सवलत चालते ती उटण्याला का चालू नये?

उटणं, हळदीचं क्रीम ही प्रसाधनं की औषधं, यावर तर मोठी लढाई झाली. मुंबईच्या एका घराण्याचं हळदीचं क्रीम आयुर्वेदिक परवान्यावर बनत होतं. कर वसूल करणारं खातं म्हणत होतं, हे चेहऱ्याला लावायचं, डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय मिळतं, मग औषध कसलं? प्रसाधनावर कर जास्त, म्हणून हा आग्रह. 1970 च्या दशकात सुरू झालेला वाद 2004 मध्ये सर्वोच्च न्यायालयात मिटला आणि उत्पादक जिंकला. चिठ्ठी लागत नाही एवढ्यावरून औषधपण जात नाही, हे मान्य झालं. निकाल योग्यच होता. पण इतकी वर्षं वकील पोसण्याची ऐपत बचत गटाकडे कुठून येणार? आयुर्वेदिक परवान्यालाही वेगळी जागा आणि जाणकार माणूस लागतोच. म्हणून दिवाळीत उटण्याच्या कितीतरी पुड्यांवर परवाना क्रमांकच दिसत नाही.

दुसरीकडे 2003 मध्ये हिमाचल आणि उत्तराखंडला करसवलती मिळाल्या. बद्दी, हरिद्वार भागात कारखाने उभे राहिले आणि इतरांचा माल बनवून देऊ लागले. परवाना त्यांचा, नाव आपलं, हा मार्ग नव्या ब्रँडना सोपा पडला. बाटली उलटून बारीक अक्षरं वाचा : ‘मार्केटेड बाय’ पुढे पुणे, ‘मॅन्युफॅक्चर्ड बाय’ पुढे जिल्हा सोलन, म्हणजे बद्दीचा भाग.

अलीकडे मदत आली तीही खाद्यपदार्थांनाच. 2020 च्या केंद्रीय योजनेत सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांना 35 टक्के, कमाल 10 लाखांचं अनुदान ठेवलं. साबण बनवणाऱ्याला त्यात जागा नव्हती. ऑक्टोबर 2023 पासून छोट्या विक्रेत्यांना जीएसटी नोंदणीशिवाय राज्यांतर्गत ऑनलाइन विक्रीची मुभा मिळाली, तिचा फायदाही आधी परवाना असेल तरच. सप्टेंबर 2025 मध्ये अंगाचा साबण, केसांचं तेल आणि आयुर्वेदिक औषधं 5 टक्के जीएसटीवर आली, चेहऱ्याचं क्रीम 18 वरच राहिलं. हळदीच्या क्रीमला काय म्हणायचं, यावर आता 13 टक्क्यांचा फरक अवलंबून आहे.