पार्श्वभूमी : टॉम ब्रेडी आणि ‘टक रूल’

अमेरिकन फुटबॉलमधला क्वार्टरबॅक (संघासाठी पास फेकणारा मुख्य खेळाडू) टॉम ब्रेडी दोनदा निवृत्त झाला, २०२२ मध्ये आणि २०२३ मध्ये. पहिली निवृत्ती चाळीस दिवस टिकली. दोन्ही वेळा सात विजेतेपदांचं कौतुक झालं आणि त्याच दमात १९ जानेवारी २००२ ची बर्फातली रात्रही उकरली गेली. ती रात्र समजली नाही तर ब्रेडीवरची चिडही कळत नाही.

त्याआधीचं थोडक्यात. जन्म १९७७ चा, कॅलिफोर्नियातल्या सॅन मटेओचा. १९९५ मध्ये माँट्रियलच्या बेसबॉल संघानं त्याला निवडलं होतं, पण तो मिशिगन विद्यापीठात फुटबॉल खेळायला गेला. २००० च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे व्यावसायिक संघ नवे खेळाडू निवडतात त्या फेरीत, त्याचा नंबर लागला तो १९९ वा. त्याच्या आधी सहा क्वार्टरबॅक उचलले गेले होते. न्यू इंग्लंडच्या संघात पहिलं वर्ष जवळपास बाकावरच गेलं.

२३ सप्टेंबर २००१ ला न्यूयॉर्कविरुद्ध संघाच्या मुख्य क्वार्टरबॅकला जबर धडक बसली, अंतर्गत रक्तस्राव झाला आणि ब्रेडी मैदानात आला. एवढं सगळ्यांना पाठ असतं. त्याच सामन्यात न्यू इंग्लंडच्या बचावानं न्यूयॉर्कच्या क्वार्टरबॅकच्या हातून चेंडू पाडून ताब्यात घेतला होता आणि पंचांनी ‘टक रूल’ लावून तो परत दिला, हे मात्र क्वचितच कुणी सांगतं.

हा नियम १९९९ चा. पास फेकण्यासाठी हात पुढे यायला लागला की फेक सुरू झाली असं धरायचं. मग खेळाडूनं मन बदललं आणि चेंडू पुन्हा छातीशी घेताना तो निसटला, तरी तो अपूर्ण पासच (चेंडू त्याच संघाकडे राहतो), फंबल (हातून सुटलेला, कोणत्याही संघाला ताब्यात घेता येणारा चेंडू) नव्हे. चेंडू एकदा छातीशी नीट घेतला आणि मग पडला, तर मात्र फंबल. सगळा घोळ या ‘नीट घेतला’मध्ये आहे. कोणत्या क्षणी ‘टक’, म्हणजे चेंडू छातीशी घेणं, पूर्ण होतो?

आता ती १९ जानेवारीची रात्र. न्यू इंग्लंडविरुद्ध ओकलंड १३–१० ने पुढे, दोन मिनिटांहून कमी वेळ शिल्लक. मिशिगनमधल्याच जुन्या सहकाऱ्यानं ब्रेडीला मागे पाडलं, चेंडू सुटला, ओकलंडनं झडप घातली. मैदानावरचा निर्णय फंबलचा. मुख्य पंच पुनरावलोकनाच्या पडद्यापाशी गेले आणि येऊन म्हणाले, अपूर्ण पास. ब्रेडीनं चेंडूला डावा हात लावला होता, म्हणजे ‘टक’ पूर्णच झाला होता, असं ओकलंडवाले आजही सांगतात. मला विचाराल तर नियमाच्या अक्षराप्रमाणे निर्णय बरोबर होता आणि नियमच बिनडोक होता. हात पुढे आला हे खरं, पण त्या क्षणी तो पास फेकतोय असं स्टेडियममधल्या कुणालाही वाटत नव्हतं. शिव्या मात्र पंचांनी खाल्ल्या.

एक गोष्ट विसरली जाते. त्या निर्णयानं न्यू इंग्लंडला फक्त चेंडू परत मिळाला, गुण नाही. बरोबरी झाली ती बर्फात मारलेल्या ४५ यार्डांच्या किकमुळे. जादा वेळेतल्या दुसऱ्या किकनं १६–१३ असा विजय. पंधरा दिवसांनी सेंट लुईसला २०–१७ हरवून पहिलं विजेतेपद.

पुढचं सगळं त्यावर रचत गेलं: न्यू इंग्लंडसाठी सहा विजेतेपदं, २०१६ मध्ये कमी हवेच्या चेंडूंच्या प्रकरणात चार सामन्यांची बंदी, मग टँपाकडे जाऊन सातवं. तो त्या रात्री हरला असता तर बाकावर परतला असता, हे मला पटत नाही; पण ओकलंडमध्ये ते सिद्धच मानतात. पुढे ब्रेडीनंही गमतीत कबूल केलं की तो कदाचित फंबल असावा.

मार्च २०१३ मध्ये संघमालकांनी २९ विरुद्ध १ मतांनी नियम काढून टाकला. दोन संघांनी मत दिलं नाही. त्यातला एक न्यू इंग्लंड.